गोड माचा: गुठळी नको, उकळी नको

पुण्यात जपानी भाषा शिकणारी आणि पुढे नोकरीसाठी जपानला जाणारी मुलं आता इतकी आहेत, की सुट्टीवर येताना त्यांच्या बॅगेतून निघणारं गोड माचाचं, म्हणजे साखर मिसळलेल्या जपानी हिरव्या चहाच्या पुडीचं, पाकीट बऱ्याच घरांच्या ओट्यावर येऊन पडतं. आमच्याकडे भाचीनं आणलं. पाकिटावर सगळी जपानी अक्षरं, आत फिकट पिस्त्याच्या रंगाची, हातात घेतली तर साखरेसारखी खरखरणारी पूड. पहिल्या दिवशी आम्ही तिचा आपला नेहमीचा चहा केला. दूध-पाणी उकळलं, आलं ठेचून टाकलं, दोन चमचे पूड घातली आणि पुन्हा एक उकळी आणली. शेवाळी रंगाचं, कडसर-गोड काहीतरी तयार झालं. दुसरा घोट कुणी घेतला नाही आणि पाकीट डब्यांच्या मागे गेलं.

दोन महिन्यांनी भाचीनं व्हिडिओ कॉलवर तीच पूड माझ्याकडून गार पाण्यात करून घेतली, आणि एप्रिलच्या दुपारी तो पेला रिकामा होईपर्यंत मी खाली ठेवला नाही. तेव्हापासून हे पेय आमच्या घरी सरबतांच्या रांगेत बसलं आहे. ज्यांच्या घरी असं पाकीट पडून आहे, किंवा ज्यांना साधा माचा आणून घरीच गोड पूड करायची आहे, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

पाकिटात नेमकं काय आहे

जपानमध्ये दुकानात 'गुरीन ती' असं लिहिलेलं दिसेल. शब्द इंग्रजीतून आलेला, पण अर्थ तिथला. रोज प्यायच्या बिनसाखरेच्या हिरव्या चहाला जपानी माणूस 'ओचा' किंवा 'र्योकुचा' म्हणतो. 'गुरीन ती' म्हणून विकली जाणारी पूड, विशेषतः क्योटो-ओसाकाच्या बाजूला, बहुतेक वेळा साखर मिसळलेला माचाच असते. शिझुओकाकडे याला 'उसुचातो' असंही नाव आहे. उसुचा म्हणजे पातळ केलेला माचा आणि 'तो' म्हणजे साखर. उन्हाळ्यात गार पाण्यात ढवळून प्यायचं हे पेय आहे. आपल्याकडे पन्हं किंवा कोकम सरबत जे काम करतं, तेच हे तिकडे करतं.

पाकिटाच्या मागे घटकांची यादी असते. फोनवरच्या भाषांतराच्या अॅपनं ती सहज वाचता येते. जपानमध्ये घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहितात, त्यामुळे पहिला शब्द महत्त्वाचा. गोड माचात तो जवळजवळ नेहमी 'सातो' किंवा 'गुरान्यूतो', म्हणजे साखर, असतो. पुढे कधी 'बुदोतो', म्हणजे ग्लुकोज, आणि मग 'मात्चा', म्हणजे आपला माचा. काही स्वस्त पुडींत रंग उठावदार दिसावा म्हणून क्लोरेला हे शेवाळ घातलेलं असतं. ते वाईट नाही, पण त्या हिरव्या रंगावरून चहाचा कस ठरवू नका. पोषणाच्या चौकटीत १०० ग्रॅममागे कर्बोदकं ९० ग्रॅमच्या वर दिसली, तर हातात बहुतांश साखर आहे असं समजायचं आणि तिच्या बेतानंच प्यायचं. दुधाची भुकटी घातलेली 'लात्ते' पूड वेगळी. ती पाण्यात नुसतीच पिचपिचीत लागते, तिला दूधच लागतं.

आता त्यातल्या माचाबद्दल थोडं, कारण पुढच्या सगळ्या सूचना त्यातूनच निघतात. 'चा' म्हणजे चहा. आपल्याकडे गावात अजून 'चा' असंच म्हणतात, आणि दोन्ही शब्दांचं मूळ चिनी भाषेतलं एकच आहे. 'मात्' म्हणजे दळलेलं, घोटलेलं. तोडणीच्या आधी साधारण तीन आठवडे चहाची झुडपं झाकून ठेवतात. पूर्वी बोरू आणि पेंढ्याच्या छपरांखाली, आता बहुतेक ठिकाणी काळ्या जाळ्यांखाली. ऊन कमी मिळालं की पानात हरितद्रव्य वाढतं, थिअनिन हे चव देणारं अमिनो आम्ल टिकतं आणि तुरटपणा कमी राहतो. ही पानं वाफवतात, न वळता वाळवतात, त्यांच्या शिरा आणि देठ काढून टाकतात. उरलेल्या पानाच्या तुकड्यांना 'तेन्चा' म्हणतात. तो दगडी जात्यावर दळला की माचा. जातं मुद्दाम हळू फिरवतात, कारण घर्षणानं पूड तापली तर वास जातो. एका जात्यातून तासाला जेमतेम ३० ते ४० ग्रॅम माचा पडतो. क्योटोजवळचं उजी, आयची प्रांतातलं निशिओ, फुकुओकामधलं यामे, दक्षिणेचं कागोशिमा ही त्याची नावाजलेली ठिकाणं.

म्हणजे माचा हा चहाचा अर्क नव्हे, अख्खं पान आहे. तो पाण्यात विरघळत नाही, तरंगत राहतो. साखर मात्र विरघळते. एकाच चमच्यात या दोन स्वभावांच्या वस्तू आहेत, हे लक्षात ठेवलं की अर्धं काम झालं.

साखर फक्त गोडीसाठी नाही

जपानी चहाविधीत माचात साखर घालत नाहीत. आधी 'वागाशी' ही गोड मिठाई खायची, ती जिभेवर असतानाच कडसर चहा प्यायचा. त्यामुळे गोड माचा म्हणजे अडाण्यांसाठी केलेली भेसळ असं मानणारे लोक भेटतात. मला ते पटत नाही. घरी एक साधा प्रयोग करून पाहा.

दोन काचेचे पेले घ्या. एकात साधा माचा अर्धा टीस्पून टाका आणि वरून गार पाणी ओता. पूड वर येते, हिरवी बेटं तयार होतात. चमच्यानं बेट फोडलं तर आत कोरडी पूड तशीच, आणि एकाच्या चार गुठळ्या. दुसऱ्या पेल्यात तेवढाच माचा दोन टीस्पून बारीक साखरेत आधी कोरडा कालवा आणि मग तसंच पाणी ओता. पूड खाली बसते आणि साखर विरघळताना माचा धुरासारखा पाण्यात पसरत जातो. साखरेच्या कणांनी माचाचे कण एकमेकांपासून लांब ठेवलेले असतात. कण सुटतो तेव्हा त्याच्याभोवती आधीच पाणी असतं. कोको पावडर आधी साखरेत कालवून मग दुधात घालतो, त्यामागचं कारणही हेच. माचा घुसळायचा बांबूचा ब्रश नसलेल्या घरातही नीट पिता येईल असा माचा या साखरेमुळे होतो.

घरी गोड पूड करायची असेल तर

मी आता बाहेरून गोड पूड मागवत नाही, घरीच करते. साखर किती हे आपल्या हातात राहतं आणि चहाचा वास जास्त येतो.

माझं प्रमाण १५ ग्रॅम माचाला ९० ग्रॅम साखर. यात सात पेले होतात. प्रत्येक पेल्यात साधारण २ ग्रॅम माचा आणि १३ ग्रॅम साखर. पहिल्यांदा याच प्रमाणानं करा, मग कमी-जास्त ठरवा. माचाचा डबा बहुधा ३० ग्रॅमचा असतो, म्हणजे एका डब्यात दोन वेळा.

माचा घेताना डब्यावरच्या 'सेरेमोनियल' या शब्दाला भुलू नका. जपानमध्ये असा कोणताही अधिकृत दर्जा नाही, विकणारा आपल्या मर्जीनं लिहितो. साखरेबरोबर जाणारा माचा अतिमहाग असण्याची गरज नाही. त्याची नाजूक चव साखरेत दबून जाते. अलीकडे माचाला जगभर इतकी मागणी आहे, की २०२४ च्या शरद ऋतूपासून क्योटोच्या काही जुन्या चहावाल्यांनी एका गिऱ्हाइकाला किती डबे द्यायचे यावर मर्यादा घातली. अशा वेळी पहिल्या प्रतीचा माचा साखरेत घालणं मला जिवावर येतं. मधल्या दर्जाचा, पण ताजा घ्या. रंग पोपटी ते गर्द हिरवा हवा. पिवळट किंवा खाकी दिसला, वास पेंढ्यासारखा आला, तर तो शिळा झालाय. ताज्या माचाला कोवळ्या गवताचा आणि किंचित समुद्री शेवाळाचा वास असतो.

आपल्या साखरेचे दाणे मोठे असतात. ती मिक्सरमध्ये दोनदा थांबत थांबत फिरवा. बारीक रव्याइतकी झाली की थांबा. पिठी करू नका, कारण अगदी बारीक साखर लवकर ओल धरते आणि गुठळी फोडायला तिच्यात दाणाही उरत नाही. विकतची आयसिंग शुगर तर नकोच, तिच्यात बहुधा कॉर्नफ्लोर असतं आणि गार पाणी गढूळ दिसतं. मिक्सरमध्ये साखर गरम होते, ती ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्या. माचा मात्र मिक्सरमध्ये घालायचा नाही. तो तापतो, आणि अर्धा झाकणाला चिकटतो.

माचा चहाच्या बारीक जाळीच्या गाळणीतून चमच्याच्या पाठीनं दाबत चाळून घ्या. कोरड्या बरणीत चाळलेला माचा आणि साखरेचा साधारण तिसरा हिस्सा घालून झाकण लावा आणि मिनिटभर हलवा. आधी पांढऱ्यात हिरवे पट्टे दिसतात, मग सगळं एकरंगी होतं. तेव्हा उरलेली साखर घालून पुन्हा हलवा. सगळी साखर एकदम ओतली तर माचाचे बारीक गोळे तसेच राहतात. नीट मिसळलं की नाही हे पाहायला चिमूटभर पूड पांढऱ्या कागदावर ठेवून अंगठ्यानं ओढा. फिकट हिरवा सारखा पट्टा उमटला तर झालं. मध्येच गर्द हिरवी रेघ निघाली तर गोळा राहिलाय, पुन्हा हलवा.

गार पाण्यात

ही खरी पद्धत, आणि वेळ लागतो दोन मिनिटं.

पेल्यात १५ ग्रॅम पूड घ्या, म्हणजे साधारण एक टेबलस्पून शीग लावून. त्यावर फक्त ३० मिली, दोन टेबलस्पून, साधं पाणी घाला. माठातलं चालेल, फ्रिजमधलं नको. फार गार पाण्यात साखर विरघळायला वेळ लावते आणि आपण कंटाळून मध्येच थांबतो. आता चमच्याच्या पाठीनं पूड पेल्याच्या कडेला दाबत ढवळा. सुरुवातीला काचेवर साखरेची कुरकुर ऐकू येते. ती थांबेपर्यंत ढवळायचं. कुरकुर थांबली, म्हणजे साखर विरघळली आणि जाता जाता तिनं माचाही घोटून दिला. तळाला गुळगुळीत, चकाकणारं, गर्द हिरवं मिश्रण दिसलं पाहिजे.

मग १०० ते १२० मिली फ्रिजचं पाणी घालून ढवळा. बर्फाचे तीन-चार खडे सगळ्यात शेवटी. बर्फ आधी घातला तर पूड त्याला चिकटते आणि खडा वितळला की पेल्यात हिरव्या गुठळ्या उतरतात.

जास्त माणसं असतील तर बाटलीत करा. आधी पूड आणि थोडं पाणी घालून हलवा, मग बाकीचं पाणी, पण बाटलीचा वरचा तिसरा हिस्सा मोकळा ठेवा. जागा असली तर फेस छान येतो.

पाच मिनिटं पेला तसाच ठेवला तर तळाशी हिरवा थर बसतो. तो माचाच आहे, टाकायचा नाही, ढवळून प्यायचा. म्हणून पाहुणे यायच्या आधी करून ठेवू नका. लिंबू पिळण्याचा मोह होतो, पण आंबटाबरोबर रंग मळकट होत जातो.

गरम हवा असेल तर

पालेभाजी झाकण ठेवून फार वेळ शिजवली की तिचा हिरवा रंग जाऊन ती काळपट होते, हे आपल्या हाताला माहीत आहे. उष्णतेनं आणि आम्लानं हरितद्रव्यातला मॅग्नेशियम निघून जातो, म्हणून असं होतं. माचाचंही तेच होतं. आमच्या पहिल्या दिवसाच्या शेवाळी चहाचं कारण हे.

पाणी ७५ ते ८० अंशांचं हवं. थर्मामीटर लागत नाही. पाणी उकळा, गॅस बंद करा, स्टीलच्या पेल्यात ओता, त्यातून दुसऱ्या पेल्यात ओता. दर वेळी ते ८-१० अंशांनी निवतं. दोनदा ओतलं की काम झालं. वाडग्यात १२ ते १५ ग्रॅम गोड पूड, त्यावर दोन टेबलस्पून हे पाणी, आधीसारखंच घोटून घ्या आणि मग आणखी ७० ते ८० मिली पाणी. गरम चहा गारपेक्षा थोडा दाट बरा लागतो आणि गोडीही जास्त जाणवते, म्हणून १२ ग्रॅमपासून सुरुवात करा.

बांबूच्या ब्रशला 'चासेन' म्हणतात. एकाच बांबूच्या तुकड्याला चिरत चिरत त्याचे ८० किंवा १०० बारीक दाते काढतात. नारा प्रांतातल्या इकोमा शहराचा ताकायामा भाग या कामासाठी शेकडो वर्षं प्रसिद्ध आहे. चासेन वापरायचा असेल तर आधी मिनिटभर कोमट पाण्यात भिजवा, नाहीतर दाते तुटतात. आपला हात रवीवर बसलेला असतो, तो सवयीनं गोल फिरतो. चासेन गोल फिरवायचा नाही. मनगट सैल ठेवून पुढे-मागे, पुढे-मागे, तळाला न घासता झपाट्यानं हलवायचा. फेस याच हालचालीनं येतो.

गोड पुडीसाठी मात्र मी चासेन वापरत नाही. साखरेच्या दाण्यांनी दाते झिजतात, चिकटपणा मुळाशी बसतो आणि नीट धुतला नाही तर बुरशी येते. इतकं नाजूक हातकाम साध्या माचासाठी राखून ठेवावं. गोड माचाला चमचा, लहान रवी किंवा दुधाचा फेस काढायचं बॅटरीवरचं यंत्र पुरे.

दुधात

दूध माचाचा तुरटपणा मऊ करतं, पण चवही दाबतं. म्हणून १५० मिली दुधाला २० ग्रॅम पूड लागते. एवढी गोडी नको असेल तर १५ ग्रॅम गोड पूड आणि पाव टीस्पून चाळलेला साधा माचा घ्या. गाईचं किंवा टोन्ड दूध बरं. म्हशीच्या दाट दुधात चहा हरवून जातो. दूध तापवून गार केलेलं असेल तर साय पूर्ण काढा, नाहीतर ती हिरव्या चिंध्यांसारखी पेल्यात फिरते.

पूड दुधात थेट घालू नका. आधी दोन टेबलस्पून पाण्यात घोटा, मग दूध ओता. गरम करायचं तर दूध पातेल्याच्या कडेला बारीक बुडबुडे धरेपर्यंतच तापवा. वेलची, आलं, केशर यांतलं काही नको. मसाला चहात ते शोभतं. इथे पानाचा वास प्यायचा असतो, आणि वेलदोड्यापुढे तो टिकत नाही.

कुणी, किती, कधी

जपानच्या अन्नघटक तक्त्यांनुसार १०० ग्रॅम माचात सुमारे ३.२ ग्रॅम कॅफीन असतं. म्हणजे आपल्या २ ग्रॅमच्या पेल्यात ६५ मिलिग्रॅमच्या आसपास. सरबतासारखं लागतं म्हणून मुलांना पेलेच्या पेले देऊ नका, आणि संध्याकाळनंतर मोठ्यांनीही जपून. गरोदरपणी दिवसाला सगळं मिळून २०० मिलिग्रॅम कॅफीनची मर्यादा सहसा सांगतात. त्यात आपला नेहमीचा चहाही धरायचा. साखरेचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सुचवते, आणि एका पेल्यात त्यातली निम्मी संपते. मधुमेह असलेल्यांनी हा प्रकार बाजूला ठेवून साधा माचा प्यावा. माझे वडील तसाच पितात. चहातली द्रव्यं अन्नातलं लोह शोषायला अडथळा करतात, त्यामुळे जेवणाला लागून न पिता तासाभराचं अंतर ठेवा, विशेषतः हिमोग्लोबिन कमी असेल तर.

पावसाळ्यात पूड सांभाळणं

उजेड, उष्णता, ओल आणि वास, या चारही गोष्टी माचा बिघडवतात. गोड पुडीला त्यातली ओल सगळ्यात नडते, कारण साखर हवेतलं पाणी ओढते. काचेची बरणी पारदर्शक असेल तर ती बंद कपाटात ठेवा, पण मसाल्याच्या कप्प्यात नको. आठवड्यात माचाला गोडा मसाल्याचा वास लागतो, हे मी पाहिलंय. चमचा पूर्ण कोरडा हवा. पावसाळ्यात मी महिन्याभराचीच पूड करते. साधा माचा हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवावा, पण बाहेर काढल्या काढल्या उघडायचा नाही. गार पुडीवर बाहेरच्या हवेतलं पाणी लगेच बसतं. डबा तासभर ओट्यावर राहू द्या, बाहेरून हाताला गार लागेनासा झाला की मग झाकण काढा.

एवढं करूनही जुलैत कधी पुडीचा खडा होतोच. आधी वास घ्या. कुबट वास किंवा काळे-पांढरे ठिपके असतील तर टाकून द्या. वास चांगला असेल तर तो खडा वाया घालवू नका. फोडून तीन टेबलस्पून पूड घ्या, दोन टेबलस्पून ८० अंशांच्या पाण्यात घोटा, गाळणीतून गाळा आणि गार करा. जपानमध्ये किसलेल्या बर्फावर असाच माचाचा पाक ओतून, शेजारी गोड शिजवलेले लाल अझुकी दाणे ठेवून 'उजी किन्तोकी' करतात. आपल्याकडे लाल चवळी मऊ शिजवून, साखर घालून आटवली तर चव बऱ्यापैकी जवळ जाते. गोळ्यासाठी बर्फ किसायचं यंत्र घरात असेल तर वाटीभर बर्फावर हा पाक आधी निम्माच ओता, थोडा बर्फ आणखी घाला आणि उरलेला पाक वरून सोडा, म्हणजे खालचा बर्फ फिका राहत नाही.